‘विदाउट प्रेज्युडिस’चा ताईत



कागदावर दोन इंग्रजी शब्द डकवले की आपला हक्क शाबूत राहिला, असा एक खुळा समज आपल्यात पसरला आहे. ते शब्द म्हणजे ‘विदाउट प्रेज्युडिस’. मालकाच्या पत्राच्या डोक्यावर ते असतात, वकिलाच्या नोटिशीच्या कपाळावर ते असतात, म्हणून आता आपल्या युनियनच्या कागदांवरही झळकू लागले आहेत. मागणीपत्र लिहिलं, वर ‘विदाउट प्रेज्युडिस’. चार्जशीटला उत्तर दिलं, वर ‘विदाउट प्रेज्युडिस’. एका बदली कामगारानं तर गावच्या जत्रेला जायच्या रजेच्या अर्जावरसुद्धा हे दोन शब्द ठोकून दिले होते! टाइमकीपर पोट धरून हसला. आता टाइमकीपरनं तरी का हसावं? अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता. लग्नपत्रिकेवर ‘श्री गणेशाय नमः’च्या खाली तेवढे हे शब्द छापायचे राहिले आहेत, तेही एक दिवस होईल.

चेष्टा पुरे. या शब्दांपायी माणसाचा घामाचा पैसा जातो, म्हणून हे लिहिणं. माझं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. इंग्रजी मला येत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही. पण तपासणी म्हणजे काय, ते गिरणीनं शिकवलं आहे. फोल्डिंग खात्यात कापड उजेडासमोर धरतात. कुठं तार तुटली, कुठं बाणा सुटला, कुठं तेलाचा डाग पडला, ते डोळ्यांनी आणि बोटांनी हुडकतात. पूर्वीच्या काळी बिघडलेल्या कापडाचा दंड विणकराच्या पगारातून कापला जाई. कागदावरचा शब्द बिघडला तर दंड कुणाला? लिहिणाऱ्या बाबूला? छे! तोही आपल्याच पगारातून. मग कापड जसं उजेडासमोर धरतो तसे हे दोन शब्दही धरू या. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही ते जमतं. प्रश्न विचारता आले पाहिजेत, एवढंच.

पहिला प्रश्न अर्थाचा. चाळीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला विचारा, तो पटकन सांगतो, ‘‘प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह, काका.’’ पोर खोटं बोलत नाही. जेन ऑस्टिनबाईंची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ नावाची कादंबरी १८१३ साली निघाली, तिच्या नावातला प्रेज्युडिस तोच, मनातली अढी. पण कादंबरीतला शब्द पावतीत आला की त्याचं कूळ बदलतं, हे त्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून काही शहाणे त्याचं मराठी करतात ‘पूर्वग्रह न ठेवता’, आणि दीडशहाणे करतात ‘पूर्वग्रहदूषित न होता’! वाचणाऱ्याला वाटतं, काय सज्जन कंपनी आहे बघा, मनात अढी न ठेवता पत्र लिहिते!

अहो, अढीचा इथं काडीइतका संबंध नाही. शब्द मुळात लॅटिन. ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘जुडिशियम’ म्हणजे निवाडा. आधीच होऊन बसलेला निवाडा. त्याचा एक फाटा मनातल्या अढीकडे गेला, दुसरा कायद्याच्या वाटेनं नुकसानीकडे, हक्काला पोचणाऱ्या धक्क्याकडे गेला. कायद्याच्या कागदात हा दुसरा अर्थ चालतो. ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे ‘हक्काला बाध न येता’. सरकारी मराठी कायदे उघडून बघा, तिथं ‘बाध न येता’, ‘बाध न आणता’ असंच लिहिलेलं सापडेल. म्हणजे आपल्या भाषेत या शब्दांना जागा नव्हती असंही नाही. जागा होती, बाबू लोक तिथवर गेले नाहीत!

दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा. बाध कशाला? आणि हक्क कुणाचा? इंग्रजीत या दोन शब्दांच्या शेपटीला बहुतेक वेळा एक चिमुकला तिसरा शब्द असतो, ‘टु’. ‘विदाउट प्रेज्युडिस टु’ म्हणजे अमक्या हक्काला, तमक्या कलमाला बाध न येता. राज्यघटनेचं ३२वं कलम घ्या. मूलभूत हक्क हिरावला गेला तर थेट सुप्रीम कोर्टात दाद मागण्याचं हे कलम. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी याला घटनेचा आत्मा आणि तिचं हृदय म्हटलं होतं. त्याच्या तिसऱ्या खंडाची इंग्रजीतली सुरुवातच ‘विदाउट प्रेज्युडिस टु’ अशी आहे. आशय असा की, सुप्रीम कोर्टाला दिलेल्या अधिकारांना बाध न येता, संसद कायदा करून दुसऱ्या कोर्टांनाही तसे अधिकार देऊ शकेल. बघा, काय राखून ठेवलं ते तिथल्या तिथं सांगून मोकळे झाले. सुप्रीम कोर्टाचे अधिकार. वाचणाऱ्यानं अंदाज बांधायचा नाही, लिहिणाऱ्यानं नंतर पलटी मारायची नाही.

आता आपल्या कागदांकडे बघा. ‘टु’ गायब. कोणता हक्क, कुणाचा हक्क, कोणत्या महिन्याचा पगार, कशाचा पत्ता नाही. बिनधाग्याच्या धोट्यासारखी गत. इकडून तिकडे धावतो, खटाखट आवाज करतो, कापड मात्र इंचभर निघत नाही.

‘‘पण मोठे वकील नुसते दोनच शब्द लिहितात की!’’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. एक जागा अशी आहे की जिथं ते नुसतेच चालतात, आणि ती जागा नीट ओळखून घेतली पाहिजे. ती जागा म्हणजे तोडग्याची बोलणी. समजा, थकबाकीचं भांडण आहे. मालक म्हणतो, एक पैसा देणं लागत नाही. आपण म्हणतो, सगळी मोजून द्या. कुठंतरी मिटावं म्हणून एक बाजू लिहिते, ‘निम्म्यावर तोडू या.’ बोलणी फिसकटली. मग उद्या कोर्टात दुसऱ्या बाजूनं ते पत्र फडकवून ‘बघा हुजूर, यांना निम्मं कबूल होतं’ असं म्हणू नये, म्हणून त्या पत्राच्या माथ्यावर हे दोन शब्द घालतात. १८७२ च्या पुरावा कायद्याचं २३वं कलम याच गोष्टीचं होतं. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हीच गोष्ट २१व्या कलमात आहे. दिवाणी दाव्यात एखादी कबुली ‘ही पुराव्यात आणायची नाही’ अशा स्पष्ट अटीवर दिलेली असेल, किंवा दोन्ही बाजूंचं तसं ठरलं होतं असं परिस्थितीवरून कोर्टाला दिसत असेल, तर ती कबुली पुराव्यात धरत नाहीत.

म्हणजे कागदावरच्या दोन शब्दांत काही मंतर नाही. खरोखर भांडण पाहिजे आणि खरोखर तोडग्याची बोलणी पाहिजे. ती असतील तर वर काही न लिहिताही कोर्ट संरक्षण देऊ शकतं. ती नसतील तर सोन्याच्या शाईनं लिहा, उपयोग शून्य! हा नियम ज्या इंग्लंडातून आपल्याकडे आला, तिथं २००६ साली कर्जाच्या एका प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सनं हेच धरलं. देणं कबूलच आहे, फक्त मुदत किंवा सूट पाहिजे, अशा पत्राला या नियमाची ढाल मिळत नाही, कारण तिथं देण्याबद्दल वादच उरलेला नसतो. आणि तिथल्याच अपील कोर्टानं १८८९ साली, वॉकर विरुद्ध विल्शर या खटल्यात, आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. मांडलेला तोडगा फेटाळला गेला तर लिहिणाऱ्याच्या बाजूला धक्का नाही. पण तोडगा समोरच्यानं पत्करला की करार पक्का झाला, मग वरच्या दोन शब्दांचा आडोसा उरत नाही. आपल्यातले काहीजण समजतात, वर ‘विदाउट प्रेज्युडिस’ आहे म्हणजे खाली काहीही कबूल करा, नंतर हात झटकता येतील. नाही येणार, बाबांनो. पलीकडून ‘मान्य’ म्हणून उत्तर आलं की तुम्ही बांधले गेलात.

आता या मापानं आपले कागद मोजा.

मागणीपत्र कशासाठी असतं? दाखवण्यासाठी! अमुक तारखेला आम्ही अमुक मागितलं, मालकानं दिलं नाही, हे उद्या लेबर कमिशनरपुढं, कोर्टापुढं, चारचौघांत दाखवता यावं म्हणून तर आपण ते लिहितो, पोच घेतो, जपून ठेवतो. त्याच कागदाच्या माथ्यावर ‘हा पुराव्यात आणायचा नाही’ असा अर्थ निघणारे शब्द आपण आपल्याच हातानं लिहायचे? समोरचा वकील उभा राहून ‘हे पत्र वाचूच नका, यांनीच वर लिहिलंय’ असं म्हणाला तर? त्याचं म्हणणं टिकेल न टिकेल, पण तारीख तर पडलीच ना! घरात चूल थंड आणि कोर्टात दोन शब्दांवर कीस. हे दुखणं विकत कशाला घ्यायचं?

चार्जशीटचं उत्तर घ्या. ‘त्या दिवशी मी मागावर नव्हतो, पण पोराला ताप होता’ असं खाली लिहिलं आणि वर दोन शब्द टाकले, म्हणून ‘मागावर नव्हतो’ ही कबुली पुसली जात नाही. ही काय तोडग्याची बोलणी आहे? इथं हेच शब्द बरोबर वापरायचे असतील तर पुरं वाक्य पाहिजे: ‘ही चौकशीच बेकायदा आहे असं म्हणण्याच्या माझ्या हक्काला बाध न येता हे उत्तर देत आहे.’ आता बघा कसा अर्थ उभा राहिला. उत्तरही दिलं आणि चौकशीला हरकत घेण्याचा दरवाजाही उघडा ठेवला. काय राखलं, कुणासाठी राखलं, लहान पोरालाही कळेल.

रजेच्या अर्जाबद्दल बोलायलाच नको. तिथं भांडण नाही, तोडगा नाही. जत्रा तेवढी आहे!

पण बंधूंनो, आपल्या कागदावरचे फालतू शब्द म्हणजे किरकोळ दुखणं. खरा विषार आहे मालकाच्या छापील पावतीत. एका गिरणीतली पावती मी स्वतः हातात धरून पाहिली आहे. थकलेल्या पगाराची रक्कम वाटत होते. हिशेबापेक्षा कमी होती, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. पावतीवर इंग्रजीत छापलं होतं, ‘रिसीव्हड विदाउट प्रेज्युडिस टु द राइट्स ऑफ द कंपनी, इन फुल अँड फायनल सेटलमेंट ऑफ ऑल माय क्लेम्स’. रांगेतला एक सोबती मला म्हणाला, ‘‘काळजी कशापायी करतोस? वर विदाउट प्रेज्युडिस हाय की. आपला हक्क कुठं जातोय!’’

त्याला ‘टु’च्या पुढचं वाचता येत नव्हतं. ‘टु द राइट्स ऑफ द कंपनी’! कंपनीच्या हक्कांना बाध न येता! राखलेला हक्क मालकाचा. उद्या कंपनी म्हणू शकेल की चुकून जास्त दिले, परत करा, किंवा देणं लागतच नव्हतो. तो दरवाजा तिनं स्वतःसाठी सताड उघडा ठेवला. आणि त्याच ओळीत आपल्यासाठी काय? ‘फुल अँड फायनल’. पुरं आणि शेवटचं. सगळं मिळालं, आता मागणं नाही. एकाच वाक्यात मालकाच्या दाराला कडी नाही आणि आमच्या दाराला कुलूप! याला म्हणतात कारागिरी. आमचे उत्तम विणकरसुद्धा एका वितीत एवढी नक्षी काढू शकणार नाहीत.

या कुलपाचं वजन किती, ते समजून घ्या. १८७२ चा करार कायदा अजून लागू आहे. त्याचं ६३वं कलम बघा. त्यात उदाहरणच दिलं आहे. एकानं दुसऱ्याला ५,००० रुपये द्यायचे आहेत. त्यानं २,००० दिले, आणि घेणाऱ्यानं ते सगळ्या देण्याच्या फेडीदाखल पत्करले. सगळं कर्ज फिटलं! उरलेले ३,००० हवेत गेले. म्हणून ‘कमी दिले तरी घेऊन ठेवू, बाकीचं मागून बघू’ असं मनात म्हणून भागत नाही. मनात म्हटलेलं कोर्टाला दिसत नाही, पावतीवरचं दिसतं. कायद्यानं ठरवून दिलेल्या काही हक्कांची गोष्ट वेगळी होती. १९३६ च्या वेतन कायद्याच्या २३व्या कलमात आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या २५व्या कलमात असं होतं की, कायद्यानं दिलेला हक्क सोडून देणारा करार कामगारानं केला तरी तो तेवढ्यापुरता रद्दबातल. जबरदस्तीनं किंवा फसवून घेतलेली सही मोडताही येते. सगळं खरं. पण मोडायला वर्षं लागतात, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या चिमण्या थंड झाल्यापासून ‘पुढच्या तारखे’चा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. सही करायला मात्र पाच सेकंद पुरतात.

यावर इंग्रजाळलेल्या साहेबांचं एक ठरलेलं उत्तर असतं. ‘‘काय करणार, कायद्याच्या शब्दांना मराठीत शब्दच नाहीत!’’

शब्द नाहीत? ‘फुल अँड फायनल’ला आपल्या आज्यापणज्यांच्या दप्तरात खणखणीत शब्द आहे, फारखत. आता माझं तुझ्याकडे काही येणं नाही, असं लिहून दिलेला कागद म्हणजे फारखत. शब्दाचं मूळ अरबी-फारसी असेल, पण पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या ओट्यावर आणि पाटलाच्या चावडीवर तो आपल्या कानांनी ऐकला आहे. खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही ‘फारखत लिहून दे’ म्हटलं की ती हात मागं घेते. ‘फुल अँड फायनल’ म्हटलं की तिचा शिकलेला नातू अंगठा उमटवतो, आणि वर मित्रांना सांगतो, ‘माझं फुल अँड फायनल झालं’! जणू परीक्षा पास झाला. म्हणून तर पावतीवर फारखत असं लिहीत नाहीत, बंधूंनो. तो शब्द आपल्याला कळतो!

‘हक्क राखून’ हे आपलंच. जुन्या मराठी पुस्तकांच्या आतल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापायचे, ते आपलंच. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, आणि त्यांच्याच काळात दरबारी फारसी शब्दांना प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. राज्य आपलं झालं की कागदही आपला पाहिजे, हे तेव्हाही कळत होतं. १९६० च्या १ मे रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला. त्या लढ्यात गिरणगावानं काय मोजलं, ते फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्म्यांचं स्मारक उभं आहे तिथं जाऊन विचारा. त्याच वर्षी राज्याचं भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, १९९८ साली जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना निघाली. एवढी सगळी वरात निघाली, पण कामगाराच्या हातातल्या पावतीच्या दारापाशी येऊन थबकली.

कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट सुचली नव्हती असंही नाही. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात ९वं कलम होतं. मंजूर झालेले स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फळ्यावर लावले पाहिजेत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८व्या कलमातही नोटिशींबद्दल तसंच होतं. चांगली गोष्ट. पण ती भिंतीवरच्या कागदाची झाली. ज्या कागदावर माणूस सही करतो, पोट ज्याच्यावर टांगलेलं असतं, तो त्याला कळणाऱ्या भाषेत असावा, एवढी साधी मागणी घेऊन आपण अजून गेटवर उभे आहोत. गेल्या वर्षांत जुने कामगार कायदे जाऊन संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. पावतीवरचे हे शब्द कुठं बदलले?

‘‘मराठीत लिहिलं तर कोर्टात चालंल का?’’ असं सभेत हमखास कुणीतरी विचारतं. करार कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचा, करार इंग्रजीतच पाहिजे असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. मराठीत लिहिलेली पावती ही पावतीच असते, आणि मराठीत नोंदवलेली हरकत ही हरकतच असते. उलट चुकीच्या इंग्रजीपेक्षा बरोबर मराठी शतपटीनं धडधाकट. ‘आय रिसीव्ह्ड अंडर विदाउट प्रेज्युडिस प्रोटेस्ट’ असली खिचडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. शिजवणाऱ्यालाही तिच्यात डाळ कुठली आणि तांदूळ कुठला ते सांगता आलं नसतं.

आणि आपल्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण ते आपले आहेत. युनियनच्या कचेरीत इंग्रजी टाइप केलेलं पत्र आलं की खुर्चीतली मंडळी ताठ बसतात. मजकूर काय आहे ते नंतर. इंग्रजी आहे ना, मग जोरदारच असणार! नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करा. १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढं निवेदन ठेवलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांची नावं होती. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्य मावळला की बंद. मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. एक तरी मागणी अशी आहे का की जिचा अर्थ विचारायला वकिलाकडे जावं लागेल? आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. पत्राच्या माथ्यावर कोणता ताईत बांधला होता म्हणून ती मिळाली नाही.

इंग्रजीशी माझं वैर नाही. पोरांनी शिकावी, चांगली शिकावी, कोर्टात उभं राहून मालकाच्या वकिलाच्या तोंडावर फेकावी. युनियनच्या वकिलानं इंग्रजी पत्र लिहिलं तरी हरकत नाही. पण त्यानं पत्र धाडण्याआधी सभासदांना बसवून सांगितलं पाहिजे की या दोन शब्दांनी कोणता हक्क राखला, कुणाचा राखला, आणि हे पत्र उद्या दाखवायचं आहे की झाकायचं आहे. वकील ‘तसं लिहायची पद्धत आहे’ म्हणाला तर समजा की त्यालाही माहीत नाही, आणि दुसऱ्या वकिलाला विचारा. फी आपण देतो.

पगाराचा, बोनसचा, थकबाकीचा किंवा राजीनाम्याचा कोणताही छापील कागद पुढं आला की एकट्यानं रांगेत जाऊ नका. बरोबर वाचता येणारा माणूस न्या. ‘टु’च्या पुढं कुणाचं नाव आहे ते बोट ठेवून वाचून घ्या. ‘फुल अँड फायनल’ दिसलं आणि रक्कम अपुरी असली, तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं, मराठीत, असं लिहा:

‘आज दिनांक अमुक रोजी अमुक महिन्यांच्या पगारापोटी रुपये अमुक मिळाले. ही रक्कम माझ्या हिशेबापेक्षा कमी आहे. उरलेली रक्कम मागण्याचा माझा हक्क राखून आणि त्या हक्काला बाध न येता ही रक्कम घेत आहे. ही फारखत नाही.’

लिहून झालं की मोबाइलवर फोटो काढा, मग कागद हातातून सोडा. लिहिता येत नसेल त्यानं दुसऱ्याकडून लिहवून घ्यावं आणि लिहिणाऱ्याचंही नाव खाली घालावं. आणि खिडकीतला कारकून म्हणाला की फॉर्मवर हातानं काही लिहायचं नाही, तर तेवढंच त्याच्याकडून कागदावर लिहून मागा, सही-शिक्क्यानिशी. इंग्रजीत दिलं तरी चालेल.